आर्गोसचा माग: होमरच्या बायकांमागचा इतिहास

होमरच्या ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात एक म्हातारा पुजारी खंडणी घेऊन ग्रीकांच्या छावणीत येतो. पळवून नेलेली मुलगी त्याला परत हवी असते. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन त्याला हाकलून देतो. वर ऐकवतो, की ती आर्गोसला माझ्या घरी मागावर राबत, माझ्या शेजेला येत म्हातारी होईल. सहाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याला हीच धास्ती बायकोबद्दल वाटते: ट्रॉय पडलं तर अँड्रोमकीला आर्गोसमध्ये परक्या बाईच्या सांगण्यावरून विणावं लागेल, पाणी भरावं लागेल. आणि तोच हेक्टर निघताना तिला म्हणतो, घरी जा, तुझा माग सांभाळ, युद्धाचं पुरुष बघतील.

माग तोच. राणीचाही आणि बटकीचाही. मध्ये फक्त एक पराभव.

हे कवीच्या मनचं नाही. ग्रीसमधल्या पायलोस इथल्या राजवाड्याला इ.स.पू. १२००च्या सुमारास आग लागली आणि हिशेबाच्या कच्च्या मातीच्या पाट्या त्या आगीत भाजून टिकल्या. १९३९ मध्ये त्या सापडल्या, १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसनं त्यांवरची लिपी उलगडली. त्यात कामकरी बायकांच्या टोळ्या आहेत, त्यांची मुलं आहेत आणि त्यांना द्यायचं धान्य नि अंजीर मोजून लिहिलेले आहेत. कातणाऱ्या, विणणाऱ्या. काही टोळ्यांची ओळख मिलेटस, लेम्नॉस अशा समुद्रापलीकडच्या ठिकाणांवरून. नवऱ्याचं नाव कुठंच नाही. होमरच्या महाकाव्यांनी आजचं रूप घेतलं ते साधारण इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास, म्हणजे मध्ये चारेकशे वर्षं गेली. पण लढाईत पुरुष मारायचे आणि बायका कामाला न्यायच्या, हा व्यवहार गाणाऱ्यांना परका नव्हता.

भावही ठरलेले. ‘इलियड’मध्ये पॅट्रोक्लस या मारल्या गेलेल्या ग्रीक योद्ध्याच्या अंत्यविधीच्या खेळांत कुस्ती जिंकणाऱ्याला बारा बैलांच्या किमतीची तिवई, आणि हरणाऱ्याला कामात तरबेज अशी एक बाई. तिची किंमत चार बैल. होमरच्या दुसऱ्या महाकाव्यातल्या, ‘ओडिसी’तल्या, युरिक्लिया या दासीला नायक ओडिसियसच्या बापानं, लाएर्टीसनं, वीस बैल देऊन विकत घेतलं होतं. तिला त्यानं शेजेला मात्र कधी नेलं नाही, बायको रागावेल म्हणून. पत्नीचा वचक म्हणायचा तो एवढाच!

ओडिसियसच्या बायकोला, पेनेलोपीला, आपण पटकन पतिव्रतांच्या रांगेत बसवतो. मला तिची कुचंबणा जास्त दिसते. नवरा युद्धावरून परतलेला नाही, घरात १०८ मागणीदार ठाण मांडून बसलेले, आणि पोटचा मुलगा चारचौघांत सांगतो, आत जा, मागाकडे बघ, बोलणं हे पुरुषांचं काम. शब्द जवळजवळ हेक्टरचेच. मागाकडे तर ती त्याआधीपासूनच बघत आलेली. सासऱ्याच्या प्रेतावर पुढं घालायचं वस्त्र पुरं झालं की लग्न करीन, असं ती मागणीदारांना सांगते; ते दिवसा विणते, रात्री मशालीच्या उजेडात उसवते. तीन वर्षं हे खपून जातं. चौथ्या वर्षी एक दासी फितूर होते.

तो माग उभा असे. ताण्याच्या खालच्या टोकांना भाजक्या मातीची वजनं बांधलेली. ग्रीसमधल्या उत्खननांत ती भरपूर मिळतात. विणायचं ते उभ्यानं, मागापुढून येरझाऱ्या घालत.

अँड्रोमकीही अशीच विणत असते, जांभळ्या वस्त्रावर फुलं. हेक्टर लढाईवरून येईल म्हणून तिनं दासींना आंघोळीचं पाणी तापत ठेवायला सांगितलंय. तटावरून रडण्याचा आवाज येतो: हेक्टर मारला गेलाय. तिच्या हातातला धोटा खाली पडतो.