हळद नको, दूध आणा

काही वर्षांपूर्वी तासगावकडच्या एका गावातून नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळताना कुणाचा तरी गुडघा तोंडावर बसला आणि वरचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर आला. आजीने मातीतून दात शोधला, नळाखाली धरून ब्रशने लख्ख घासला, वर हळद लावली आणि कागदाच्या पुडीत बांधला. पुडी माझ्या हातात येईपर्यंत दोन तास उलटले होते. "स्वच्छ करून आणलाय, डॉक्टर," आजी म्हणाल्या. दात मेला होता, हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं.

मेला म्हणजे खरोखरच मेला. दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि त्या तंतूंवर दात झोळीसारखा टांगलेला असतो. दात निखळतो तेव्हा हा पडदा मधोमध फाटतो. थोडा हाडाला राहतो, थोडा मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळावरच्या या पेशी अजून जिवंत असतात. दात वेळेत जागेवर बसवला तर दोन्ही बाजू पुन्हा सांधतात. पेशी मेल्या असतील तर हाड थेट मुळाला चिकटतं आणि पुढच्या काही वर्षांत मूळ हळूहळू खाऊन टाकतं. वाढत्या वयात तर आजूबाजूचे दात खाली सरकतात आणि हा एकटा वरच अडकून राहतो.

उघड्यावर, कोरड्या हवेत या पेशी अर्धा तास कशाबशा तग धरतात. तासाभरानंतर फारशी आशा राहत नाही. ब्रशने घासलं तर त्या खरवडूनच निघतात. आणि पाणी? आपल्याकडे बेदाणा कुणाला सांगायला नको. तो पाण्यात टाकला की फुगतो, कारण आतल्या गोडाकडे पाणी ओढलं जातं. पेशीच्या आतही क्षार असतात, त्यामुळे साध्या पाण्यात तीही फुगते, फक्त तिची साल बेदाण्याइतकी चिवट नसते. ती फुटते. दुधातल्या क्षार-साखरेचं प्रमाण पेशीच्या आतल्या द्रवाशी जवळपास जुळतं आणि त्याचा आंबटपणाही नगण्य असतो. म्हणून थंड दुधात या पेशी दोन-तीन तास तरी टिकून राहतात. ज्या जिल्ह्यात गावोगावी दूध संकलन केंद्र आहे, तिथे याहून हाताशी असलेलं औषध कुठलं?

तेव्हा दात पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाईनने हलकेच खळबळा, आणि मूल शुद्धीवर असेल, घाबरून हातपाय झाडत नसेल, तर तिथल्या तिथे खळग्यात बसवून द्या. शेजारच्या दाताशी ताडून पाहिलं की पुढची-मागची बाजू कळते. मग स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरायला सांगा आणि निघा. दात-इजांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची 2020 सालची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. पालकांना हे धाडस वाटतं, पण माझ्याकडे आणेपर्यंत जाणाऱ्या वीस मिनिटांपेक्षा त्यांनी जागेवरच केलेलं हे काम दाताला जास्त वाचवतं. जमलं नाही तर दात थंड दुधात टाका. गरम दूध नको, ताक आंबट म्हणून तेही नको. दूध मिळालंच नाही तर मुलाला वाटीत थुंकायला लावून त्या लाळेत दात ठेवा. पुढे आम्ही तो साधारण दोन आठवडे शेजारच्या दातांना तारेने बांधतो, बहुतेकदा रूट कॅनॉल करतो आणि धनुर्वाताच्या लसीचंही विचारतो.

दुधाचा दात पडला तर मात्र तो परत बसवू नका. त्याच्या मुळाशी कायमचा दात तयार होत असतो, त्याला धक्का बसतो. तो दात उंदीरमामाला देऊन टाका, पण मुलाला तपासून घ्या.

रात्री ठणकणारी दाढ ही दुसरी घाई. शरीरात इतरत्र सूज आली तर तिला बहुतेकदा पसरायला जागा मिळते. दाताच्या आतल्या नसेभोवती चारही बाजूंनी टणक भिंती असतात, म्हणून तो दाब सगळा नसेवर येतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्त वाढतं आणि कळ वाढते. दोन उशा घ्या, लवंगेचं तेल कापसाने दाढेवर लावा, त्यातलं युजेनॉल नस थोडी बधिर करतं. वेदनेची गोळी गिळायची असते. हिरडीवर दाबून ठेवली तर हिरडी भाजते. मिश्री दाबणाऱ्या बायाही मी रोज पाहते, त्यांना हात जोडून सांगते की नका करू.

चार दिवसांनी ठणका आपोआप थांबला तर बरं झालं असं समजू नका. बहुतेकदा नस मेलेली असते. मेलेल्या दाताच्या आत रक्त पोचत नाही, म्हणजे औषधही पोचत नाही. नुसत्या अँटिबायोटिकने सूज उतरते, पण पू तयार करणारी जागा तशीच राहते. दात उघडून साफ करावा लागतो किंवा काढावा लागतो. आणि गाल सुजल्यावर गरम पिशवीने शेकू नका, शेकाने सूज आणखी वाढू शकते.

खालच्या मागच्या दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली पोचतात, त्यामुळे तिथला पू हनुवटीखाली आणि गळ्याकडे उतरू शकतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी 1836 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. सूज गळ्यावर उतरली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, ताप आला किंवा श्वास लागला, तर दाताच्या दवाखान्याचा विचारही करू नका. 108 लावा आणि मिरज-सांगलीच्या मोठ्या रुग्णालयात जा, कारण तिथे आधी श्वासाची वाट मोकळी ठेवावी लागते. मधुमेह असलेल्यांनी तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

त्या मुलाचा दात मी तरीही बसवला. मूळ खाल्लं जाणार हे दोघांना सांगूनच. वाढीच्या वयात हाडाची उंची-रुंदी राखायला तेवढे दिवसही उपयोगी पडतात. आजी आता शाळेतल्या बायांना सांगतात, दात पडला की आधी दुधाची पिशवी आणा.