चांद्र नमुने आणि ‘बनावट चंद्रावतरण’

चांद्र नमुने : चंद्रावरून संशोधनासाठी पृथ्वीवर आणलेले खडक, खडे आणि माती. अमेरिकेच्या सहा अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात असे ३८२ किलो नमुने आणले. सोव्हिएत संघाच्या ल्यूना-१६, ल्यूना-२० आणि ल्यूना-२४ या मानवरहित यानांनी आणलेली माती सगळी मिळून अर्धा किलोही भरत नाही. चीनच्या छांग-अ ५ ने २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम, तर छांग-अ ६ ने २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे १,९३५ ग्रॅम नमुने आणले.

अपोलोचा बहुतेक साठा ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात नायट्रोजन भरलेल्या पेट्यांत ठेवला आहे. पेटीलाच बसवलेल्या हातमोज्यांत हात घालून खडक हाताळायचा, म्हणजे त्याला हवा आणि ओल लागत नाही. जगभरच्या संशोधकांना त्यातले छोटे तुकडे अभ्यासासाठी मिळतात. अपोलो-१७ च्या वेळी चंद्रावरच सीलबंद केलेली एक नळी तर थेट २०२२ मध्ये उघडली गेली.

माणूस चंद्रावर उतरलाच नाही, हा दावा बिल केसिंग या अमेरिकी लेखकाने १९७६ पासून गाजवला. तेव्हापासून वाद फिरतो तो छायाचित्रांभोवती : झेंडा कसा हलतो, तारे का दिसत नाहीत. दगडांकडे फारसे कोणी वळत नाही, आणि दाव्याची खरी पंचाईत तिथेच आहे.

अपोलोच्या एखाद्या खडकाची उघडी बाजू भिंगाखाली धरली, की आतून काचेचा लेप असलेले बारीक खळगे दिसतात. ते सूक्ष्म उल्काकणांच्या माऱ्याचे. पृथ्वीवर हे कण वातावरणातच अडतात. खडकातल्या स्फटिकांत आणखी एक खूण असते. वैश्विक किरणांतली, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांतली, लोहासारखी जड अणुकेंद्रे स्फटिकात शिरताना माग सोडतात. स्फटिक रसायनात ठेवून कोरला, की हे माग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेघांसारखे मोजता येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, नरेंद्र भांडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपोलोच्या नमुन्यांवर नेमके हेच काम केले. पृष्ठभागाशी माग दाट, आत जावे तसे विरळ. त्यावरून तो खडक किती काळ उघड्यावर पडून होता याचा हिशेब लागतो, आणि तो कित्येकदा लाखो-कोट्यवधी वर्षांत जातो. बनावट दगडात मागांची ही उतरण, तिच्याशी जुळणारी समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताचे, वायू, सगळे एकत्र उतरवावे लागले असते.

यावर दावा करणाऱ्यांचे ठरलेले उत्तर असे, की अंटार्क्टिकातून चंद्राच्या अशनी (अंतराळातून पृथ्वीवर पडलेले दगड) गोळा करून आणल्या. पण चंद्रावरून आलेली म्हणून पहिली अशनी ओळखली गेली ती १९८२ मध्ये, आणि तीही अपोलोच्या खडकांशी ताडून पाहिल्यावर. शिवाय वातावरणातून येताना अशनीचा पृष्ठभाग वितळतो. उल्काकणांचे ते नाजूक खळगे त्यात टिकत नाहीत.

सोव्हिएत शास्त्रज्ञांकडे १९७० पासून ल्यूना-१६ ची स्वतःची माती होती. १९७१ मध्ये दोन्ही देशांनी नमुन्यांची अदलाबदल केली. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत लबाडी पकडायला त्यांच्याइतके उत्सुक दुसरे कोण असणार? पुढे २००८ मध्ये, अपोलोने आणलेल्या ज्वालामुखीजन्य काचमण्यांत अत्यल्प पाणी सापडले. १९७० च्या सुमारास चंद्राचे खडक पूर्ण कोरडे मानले जात. त्या काळी बनावट दगड घडवणाऱ्या कारागिराला हे पाणी मिसळण्याचे सुचलेच नसते.