इंग्रजांचा फॅडर आणि ऋग्वेदातली आडवी रेघ

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. पितृ म्हणजे फादर, मातृ म्हणजे मदर, भ्रातृ म्हणजे ब्रदर, द्वार म्हणजे डोअर, पथ म्हणजे पाथ आणि खाली ठळक अक्षरांत, की इंग्रजी भाषा संस्कृतपासूनच जन्माला आली. दहा-बारा जणांनी हात जोडले, आणि माझ्या आत्तेभावाने लिहिलं की हे सगळं थोतांड आहे, जगात एवढे शब्द आहेत, चार जुळणारच, योगायोग. मला दोन्ही बाजूंशी भांडायचं होतं पण ग्रुपवर एवढं लांब कोण वाचणार, म्हणून इथे लिहितोय.

योगायोग तर हा नक्कीच नाही. पण आई-मुलीचं नातंही नाही, या दोन बहिणी आहेत, आणि त्यांची आई आता कुठेच बोलली जात नाही. ही गोष्ट विल्यम जोन्स या कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टातल्या न्यायाधीशाने २ फेब्रुवारी १७८६ला एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात जवळपास याच शब्दांत सांगितली होती, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका अशा मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात जी कदाचित आता उरलेली नाही. आणि त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १५८३ साली, गोव्यात बसून आपल्याकडच्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे असं भावाला पत्रातून कळवणारा माणूस म्हणजे फादर स्टीफन्स, तोच, ज्याने पुढे मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. एका जन्माने इंग्रज आणि कर्माने मराठी कवी असलेल्या माणसाला हे सुचलं याचा मला फार आनंद वाटतो.

आता जुन्या इंग्रजीकडे येऊ. जुनी इंग्रजी म्हणजे शेक्सपिअरची नव्हे, त्याच्या खूप आधीची, साधारण इ.स. ४५० ते ११००, म्हणजे मुख्यतः नॉर्मन लोकांनी १०६६ला इंग्लंड जिंकायच्या आधीची. आजच्या इंग्रजाला ती शिकल्याशिवाय कळत नाही. त्यातले शब्द बघायला मजा येते. लॉर्ड हा शब्द तेव्हा ‘ह्लाफोर्ड’ होता आणि त्याआधी ‘ह्लाफवेअर्ड’. ह्लाफ म्हणजे पावाची लादी, आजचा लोफ, आणि वेअर्ड म्हणजे राखणारा. म्हणजे घरातला अन्नदाता तो लॉर्ड. आणि लेडी म्हणजे ‘ह्लॅफडीये’, पावाचं पीठ मळणारी. यातलं मळणं दाखवणारा जो भाग आहे तो इंग्रजी ‘डो’ म्हणजे मळलेल्या पिठाशी आणि आपल्या ‘देह’ या शब्दाशी एकाच मुळाचा आहे, मळून घडवलेला तो देह. तसंच ‘डेओर’ म्हणजे आजचा डीअर. तेव्हा त्याचा अर्थ हरीण नव्हता, कुठलंही जनावर असा होता, जर्मनमध्ये ‘टीअर’ म्हणजे अजूनही प्राणीच. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे ‘मृग’ शब्दाचं हुबेहूब हेच झालं, आधी कुठलंही रानटी जनावर (म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि शिकार म्हणजे मृगया) आणि मग फक्त हरीण. दोन्हीकडे लोकांनी सगळ्यात जास्त ज्याची शिकार केली त्याच्या नावावर तो शब्द जमा झाला असणार.

पण अर्थ बदलतात ते असे मोकाट, कुठेही जातात. उच्चार तसे बदलत नाहीत. उच्चार बदलतात तेव्हा अख्खी भाषा एका शिस्तीत बदलते, आणि मला या सगळ्यात जे खरं आवडतं ते हे.

शाळेतली वर्णमाला आठवा. प फ ब भ, त थ द ध, क ख ग घ. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत, ढोबळमानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या हजार वर्षांत कधीतरी, ही पूर्ण वर्णमाला एक घर सरकली. प चा ओठ-दातांचा फ झाला, त चा जीभ दातांत धरून काढायचा थ झाला, क चा ह झाला. मग रिकाम्या झालेल्या जागेत तिसरं अक्षर आलं, म्हणजे द चा त आणि ग चा क. आणि तिसऱ्याच्या रिकाम्या जागेत चौथं आलं, भ चा ब, ध चा द, घ चा ग. (इंग्रजी त-द आपल्या कानाला ट-ड ऐकू येतात, ते इथे एकच धरायचे.) डॅनिश अभ्यासक रास्मुस रास्कने हे १८१८ साली मांडलं आणि याकोब ग्रिमने १८२२ साली नियम म्हणून बांधून दिलं. हा तोच ग्रिम, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला.

आता लावून बघा. पाद, जुन्या इंग्रजीत फोट. पशु, तिकडे फेओह, आणि त्याचा अर्थ गुरंढोरं आणि पैसा दोन्ही, आपल्या पशुधनासारखं. त्रि, थ्री. तनु, थिन. दंत, टोथ. अद् म्हणजे खाणे, एटान, आजचं ईट. युग म्हणजे जू, योक. गो, कू, आजची काऊ. भ्रू, ब्रू, आजचा ब्राऊ. मधु, मेडु, म्हणजे मधाची दारू. एक-दोन शब्द जुळले तर योगायोग म्हणता येईल, पण इथे शब्द जुळतातच असं नाही, फरक जुळतात. प्रत्येक वेळी तोच फरक. दोन शब्द सारखे दिसतात म्हणून नातं असतं हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

फॉरवर्डमधला ‘पथ म्हणजे पाथ’ घ्या. हा शब्द जुन्या इंग्रजीतही प नेच सुरू होतो. वारशाने आला असता तर फ ने सुरू व्हायला हवा होता. तो इतका सारखा आहे म्हणूनच संशयास्पद आहे, आणि अनेक अभ्यासक तो मागाहून उसना घेतलेला शब्द मानतात. तसंच आपण ‘बदनाम’ म्हणतो. त्यातला ‘बद’ फारसी, अर्थ वाईट, आणि इंग्रजी ‘बॅड’चाही अर्थ वाईट, तरी दोघांचा काडीचा संबंध नाही, कारण फारसीत तो शब्द आधी ‘वद’ होता. पण त्याच बदनाममधला ‘नाम’ मात्र इंग्रजी नेमचा सख्खा आहे.

आणि आई-मुलगी का नाही तेही याच हिशोबात दिसतं. द्वार आणि डोअर. इंग्रजीत ड यायला मुळात ध हवा. संस्कृतमध्ये तर द आहे. म्हणजे नियम चुकला का, तर नाही, ग्रीकमध्ये दाराला ‘थुरा’ म्हणतात आणि ग्रीकचा तो थ मूळच्या ध पासूनच येतो. म्हणजे मूळ शब्दात ध होता, संस्कृतने तो घालवला, आणि त्याची खूण इंग्रजीत राहिली. मुलीकडे असा दागिना कसा असेल जो आईकडे कधी नव्हताच? हंस आणि गूजचंही तसंच, मूळचा घ इंग्रजीत ग झाला आणि संस्कृतमध्ये ह. चक्र आणि व्हीलचं तर अजून भारी आहे, मूळ शब्दात दोन क होते, इंग्रजीत पहिल्या क चा ह होऊन ‘ह्वेओल’ झालं, संस्कृतने पहिल्या क चा च केला, आणि त्याच चक्राचं घासून घासून मराठीत चाक झालं. चाक आणि व्हील ऐकून कुणाला वाटेल का बहिणी आहेत म्हणून! संस्कृतची थोरवी कमी होते अशी भीती काही लोकांना वाटते, पण थोरवी नेमकी कुठे आहे ते पुढे येतंय.

कारण ग्रिमच्या नियमात एक भोक होतं, आणि ते ऐन घरातल्या शब्दांत होतं.

भ्रातृ, जुन्या इंग्रजीत ‘ब्रोथोर’. भ चा ब झाला, त चा थ झाला, छान. आता पितृ. प चा फ झाला, त चा थ व्हायला हवा, म्हणजे फॅथर. पण जुन्या इंग्रजीत तो शब्द ‘फॅडर’ आहे. आई तशीच, ‘मोडोर’. (आजच्या फादर-मदरमधला आवाज ब्रदरसारखा आहे खरा, पण तो पाचेकशे वर्षांपूर्वीचा नंतरचा बदल आहे, त्यावर जाऊ नका. जर्मनमध्ये फाटर, मुटर पण ब्रुडर असा भेद अजून टिकून आहे.) म्हणजे तिन्ही शब्दांत तोच त, जागा तीच, पण भावाला एक न्याय आणि आईबापाला दुसरा. पन्नासेक वर्षं लोक याला अपवाद म्हणून सोडून देत होते.

कार्ल व्हेर्नर नावाचा एक डॅनिश माणूस, जन्म १८४६, गाव ऑर्हूस. किस्सा प्रसिद्ध आहे की दुपारी डोळा लागावा म्हणून त्याने एक जाडजूड तौलनिक व्याकरण हातात घेतलं, आणि उघडलेल्या पानावर संस्कृत पिता आणि भ्राता हे शब्द स्वरचिन्हांसकट छापलेले होते. त्याची झोप उडाली.

ज्यांनी ऋग्वेदाची छापील संहिता पाहिली असेल त्यांना ती चिन्हं माहीत असतील, काही अक्षरांखाली आडवी रेघ असते आणि काहींच्या डोक्यावर उभी. आडवी म्हणजे अनुदात्त, उभी म्हणजे स्वरित, आणि ज्याला काहीच नाही तो बहुतेक वेळा उदात्त, म्हणजे जोर तिथे. आमच्याकडे लहानपणी रुद्राला गुरुजी यायचे आणि त्यांची मान स्वराबरोबर खाली-वर व्हायची ते मला आठवतं, तेव्हा वाटायचं ही नुसती चाल आहे. चाल नाही, तो शब्दाचा भाग आहे. पितामध्ये ‘पि’खाली रेघ आहे, जोर ‘ता’वर. मातामध्येही जोर ‘ता’वर. आणि भ्रातामध्ये जोर पहिल्याच ‘भ्रा’वर.

बास, एवढंच. जोर आधीच्या अक्षरावर असेल तर थ कठोर राहिला. जोर नंतर असेल तर थ मृदू झाला, आणि पुढे त्याचा ड झाला. फक्त थ नाही, फ, ह आणि स सुद्धा, शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी आले की सगळे याच नियमाने मृदू झाले. कठोर-मृदू म्हणजे काय ते घशावर बोट ठेवून बघता येतं, लांब ‘स्स्स’ म्हणा, घसा शांत असतो, आणि ‘झिप’मधला झ लांबवा, घसा थरथरतो. आणि हे आजही घडतं. इंग्रजीत ‘एक्सिक्यूट’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि आवाज क्स असा कठोर राहतो, ‘एग्झेक्युटिव्ह’ म्हणताना जोर पुढे सरकतो आणि लगेच तोच आवाज ग्झ असा मृदू होतो. मोठ्याने म्हणून बघा.

मग झालं असं की इंग्रजी-जर्मनच्या त्या पूर्वज भाषेने नंतर सगळ्या शब्दांचा जोर उचलून पहिल्या अक्षरावर ठेवून दिला. कारण पुसलं गेलं आणि परिणाम मात्र राहिला. फॅडरमधला ड का आहे हे इंग्लंडमध्ये कितीही उकरलं असतं तरी कळलं नसतं, कारण पुरावा तिथे नव्हताच, तो इथे होता, पाठशाळांमध्ये पिढ्यानपिढ्या एक स्वर इकडचा तिकडे न होऊ देणाऱ्या वेदपाठी लोकांच्या तोंडात होता. व्हेर्नरचा निबंध १८७७ साली छापून आला. वेदांत विमानं होती वगैरे सांगणाऱ्यांना मला हे दाखवावंसं वाटतं, की त्या लोकांनी खरोखर जे जपलं ते एवढं मोठं आहे, त्याला खोट्या दागिन्यांची गरजच नाही.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सासरा आणि सासू. संस्कृत श्वशुर, जोर पहिल्या अक्षरावर. श्वश्रू, जोर शेवटच्या. दोन्हींतला मधला श मूळचा क. आता नियम लावा, सासऱ्याच्या शब्दात क चा ह होऊन तसाच राहायला हवा, आणि सासूच्या शब्दात ह मृदू होऊन ग व्हायला हवा. जुन्या इंग्रजीत सासरा आहे ‘स्वेओर’, म्हणजे ह होता तो दोन स्वरांमध्ये विरून गेला, आणि सासू आहे ‘स्वेगर’, ग लिहून. जर्मन लोक सासूला अजूनही ‘श्वीगरमुटर’ म्हणतात, ग सकट. इंग्रजीने मात्र हे दोन्ही शब्द टाकून दिले आणि फादर-इन-लॉ, मदर-इन-लॉ असे जोडून शब्द केले. मराठीत सासरा आणि सासू तेच जुने शब्द रोज वापरात आहेत.

बरं, हे सगळं मेलेल्या भाषेपुरतं आहे असंही नाही. पाचवीतल्या मुलाला आपण पाठ करायला लावतो, ही वॉज, दे वेअर. एकाच क्रियापदात एकदा स आणि एकदा र का, तर जुन्या इंग्रजीत ‘वॅस’ आणि ‘वॅरोन’, आणि त्याच्याही मागे, एकवचनात जोर धातूवर होता म्हणून स टिकला, अनेकवचनात जोर शेवटाकडे गेला म्हणून स चा झ आणि झ चा र झाला. संस्कृतमध्ये त्या भूतकाळात जोर असाच पुढे-मागे होतो, आणि तो धातूही आपल्या ओळखीचा आहे, वस्, म्हणजे राहणे. वॉजमधला तो वस् आणि आपल्या वस्तीतला, वसण्यातला वस् एकच.