एका मॉडेलभोवती किती जण?

जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ले अर्ल यांच्या हाताखाली गाड्यांच्या डिझाइनचा स्वतंत्र विभाग काढला, आणि पूर्ण आकाराचं मातीचं मॉडेल ही पुढे डेट्रॉइटची, म्हणजे अमेरिकी मोटारउद्योगाची, रीतच झाली. ही माती कुंभाराची नव्हे, मेणमिश्रित. गरम करून थापायची, गार झाली की तासायची. तिचा खरा गुण असा, की डिझायनर, इंजिनियर, साहेबलोक सगळे तिच्याभोवती उभे राहू शकत. कुणी बोनेटवरून हात फिरवून ‘इथे जरा फुगलंय’ म्हटलं, की बाकीच्यांनाही ते तिथल्या तिथे दिसे. एवढंसं काम व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीला, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगाला, जमायला फार वर्षं लागली.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा पडदा दाखवला. त्याचा डोलारा छताला टांगलेला, दिसायच्या त्या नुसत्या रेषांच्या आकृत्या आणि बघणारा एकटा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जॅरन लेनियर यांच्या व्हीपीएल कंपनीने दोघांना एकाच आभासी जगात नेलं. म्हणजे वीस वर्षांत एकाचे दोन झाले!

मग १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रुझ-नीरा, डॅनियल सँडिन आणि थॉमस डीफँटी यांनी हेडसेटऐवजी खोलीच उभी केली. तिचं नाव ‘केव्ह’. सुमारे दहा फुटी खोलीच्या भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरची चित्रं, डोळ्यांवर शटरचे, म्हणजे आळीपाळीने एकेक डोळा झाकून चित्राला खोली देणारे, चष्मे. आत चार-पाच जण मावत, एकमेकांचे चेहरेही दिसत. गोची अशी, की यंत्र एकाच चष्म्यावरून, एकाच माणसाच्या डोक्याची हालचाल टिपत असे. चित्र त्याच्या नजरेतून बरोबर दिसे, शेजाऱ्याला तेच थोडं वाकडं. साहजिकच तो चष्मा कुणी घालायचा, हा मानाचा प्रश्न!

गंमत म्हणजे त्याच काळात बोइंगने ७७७ विमान संगणकावर जुळवलं, तेही साध्या पडद्यांसमोर बसून. डिझाइन करणारे आणि विमान बांधणारे यांना एकत्र बसवणारी २३८ पथकं त्यासाठी केली होती. विमान जून १९९४ मध्ये उडालं. तिथे माणसं एकत्र आणली ती कामाच्या घडीने, चष्म्याने नव्हे.

‘केव्ह’सारखी खोली बांधणं महागडं काम. २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह बाजारात आले, तेव्हा हेडसेट डिझायनरच्या टेबलावर पोचला. आता प्रत्येकाचा चष्मा वेगळा, त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या जागेवरून बरोबर दिसू लागलं. पण शेजारचा माणूस गायब झाला. तो परत आणला नेटवर्कने, आभासी जगातल्या बाहुलीच्या रूपात. २०१९ मध्ये फोर्डने ग्रॅव्हिटी स्केच या लंडनच्या कंपनीचं साधन वापरून बघितलं. वेगवेगळ्या देशांतले डिझायनर एकाच आभासी खोलीत, एकाच गाडीवर हवेत रेघा ओढू लागले. पुढच्याच वर्षी कोविडने स्टुडिओ बंद पाडले, तेव्हा जे हौसेचं होतं ते गरजेचं झालं.

माती मात्र अजून गेलेली नाही. हेडसेटमध्ये पसंत पडलेला आकार यंत्राने मातीत कोरतात, हाताने घासूनपुसून घेतात आणि मॉडेल उन्हात आणून त्याच्या कडेवरून प्रकाश कसा घरंगळतो ते बघतात.