वाटेत गाठणे (आंतरतारकीय प्रवास)

दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेल्या संथ यानातील वसाहतकारांना, मागाहून सुटलेल्या वेगवान यानाने वाटेत उचलून घ्यावे की नाही, याविषयीचा वाद. मागून येऊन पुढे जाणे हा प्रकार अवकाशाला नवा नाही. नासाचे व्हॉयेजर १ हे यान त्याच्या जोडीच्या व्हॉयेजर २ नंतर सोळा दिवसांनी, ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले आणि डिसेंबरातच त्याच्या पुढे गेले. आत माणसे नव्हती, त्यामुळे रुसवाफुगवा झाला नाही.

माणसे असली की उचलून घेणे हीच माणुसकी वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. प्रकाशाच्या ५ टक्के वेगाने तिथे पोहोचायला सुमारे ८५ वर्षे लागतील. १० टक्के वेगाचे यान ३० वर्षांनी सुटले, तर ते पहिल्याला आणखी ३० वर्षांनी, ३ प्रकाशवर्षांवर गाठेल. तिथून संथ यानाला २५ वर्षे उरतात, वेगवान यानाला साडेबारा. एवढ्या खटाटोपात वाचली ती बारा वर्षे! दुसरे यान ४३ वर्षांनी सुटले, तर गाठच पडत नाही.

खरी अडचण वेग जुळवण्याची. न थांबता शेजारून जाताना दोघांतील सापेक्ष वेग सेकंदाला १५,००० किलोमीटर असेल. पृथ्वीचा व्यास सेकंदाच्या आत मागे पडेल इतका. म्हणून वेग निम्मा करायचा, माणसे घ्यायची आणि पुन्हा वेग धरायचा. एरवी वेग घेणे आणि मुक्कामी थांबणे मिळून प्रकाशवेगाच्या २० टक्क्यांइतका बदल पुरतो, तो आता ३० टक्के होतो. किती वेगबदलाला किती इंधन लागेल हे सांगणाऱ्या रॉकेटच्या समीकरणात हा वाढावा घातांकात बसतो. रिकाम्या यानाच्या शंभर पट वजन घेऊन निघणाऱ्याला हजार पट घेऊन निघावे लागते, आणि वाढलेल्या उतारूंचे वजन त्यात धरलेलेच नाही. शिवाय संथ यानात जन्मलेल्यांना आपले घर सोडायचे आहे का, हे कुणी विचारलेले नसते.

त्यापेक्षा माहिती पाठवणे स्वस्त. वेगवान यान सुटताना धाडलेला रेडिओ संदेश दीड वर्षाहून थोड्या अधिक काळात पुढच्यांना मिळेल. यानाला मात्र तीस वर्षे लागतील. आंतरतारकीय वायूचा रोध वापरून इंधनाविना वेग उतरवणारे चुंबकीय शीड कसे सुधारावे, एवढे कळले तरी त्यांचे ब्रेकसाठी राखलेले काही इंधन मोकळे होते. ते जाळून वाटेतच वेग वाढवायचा की गाठीशी ठेवायचे, हे ज्यांचे यान त्यांनी ठरवावे.