धुके आणि थेंब: वाफेच्या टर्बाइनमधील दोन वेगळ्या हानी

टर्बाइनच्या कमी दाबाच्या टप्प्यांत वाफेचा काही भाग पाणी होतो आणि कार्यक्षमता घटते. या घटीला सरसकट संघनन-हानी म्हटले जाते. प्रत्यक्षात तिच्यात दोन हानी मिसळलेल्या असतात आणि एकीवरचा उपाय दुसरीवर बहुधा चालत नाही.

पहिली हानी उष्मागतिकीय आहे. पात्यांमधून जाताना वाफ इतक्या झपाट्याने प्रसरण पावते की संपृक्ततेची रेषा, म्हणजे जिथे वाफ पाणी होऊ लागायला हवी ती मर्यादा, ओलांडल्यावरही तिला पाणी होण्यास सवड मिळत नाही, आणि संपृक्त तापमानापेक्षा ३० ते ४० अंश सेल्सिअस थंड होऊनही ती वायुरूपच राहते. समतोलाच्या हिशेबाने ३ ते ४ टक्के आर्द्रता असायला हवी त्या सुमारास, म्हणजे विल्सन रेषेपाशी, एक मायक्रोमीटरहूनही बारीक असे असंख्य बिंदू एकदम तयार होतात; हेच धुके. त्यांतून मोकळा होणारा अप्रकट उष्मा, म्हणजे वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता, या अतिशीत (संपृक्त तापमानाखाली गेलेल्या) वाफेत जातो. तापमानाच्या फरकातून झालेल्या या वहनामुळे एन्ट्रॉपी, म्हणजे कामाला न येणाऱ्या ऊर्जेचे माप, वाढते आणि तेवढे काम कायमचे बुडते.

दुसरी हानी यांत्रिक आहे. धुक्याचा अगदी थोडा भाग स्थिर पात्यांवर साचून त्याचा पातळ थर बनतो आणि मागच्या कडेवरून दहापट, शंभरपट मोठे थेंब सुटतात. ते वाफेच्या वेगाने जाऊ शकत नाहीत, म्हणून फिरत्या पात्यांच्या पाठीवर आदळतात, त्यांना रोधतात आणि टोकाजवळची पुढची कड झिजवतात.

पोकळ स्थिर पात्यांतील शोषण-फटी, पात्यांच्या दोन ओळींमधले वाढवलेले अंतर, पातळ मागची कड हे सारे उपाय थेंबांवरचे आहेत. धुके त्या फटींत सापडत नाही, उलट पाण्याबरोबर थोडी कामाची वाफही निघून जाते. कडेवर बसवलेली स्टेलाइट या कठीण मिश्रधातूची पट्टी तर फक्त धातू वाचवते, बुडालेले काम नव्हे. सरासरी आर्द्रता १ टक्का वाढली की टप्प्याची कार्यक्षमता साधारण १ टक्का घटते, हा अभियंते बाउमान यांचा जुना नियम दोन्ही हानी एकत्रच मोजतो. ढोबळ अंदाजाला तो पुरतो, पण पात्याचा आकार कुठे बदलावा हे त्यातून कळत नाही.

धुक्यावर चालतो तो प्रसरणाचा दर, म्हणजे पात्यांमधून वाफ जाते त्या मार्गिकेचा आकारच. दर वाढवला तर वाफ अधिक अतिशीत होते, मात्र बिंदू अधिक संख्येने आणि अधिक बारीक जन्मतात. ते वाफेबरोबर सहज वळतात आणि पात्यांवर कमी साचतात. त्यामुळे मार्गिकेचा आकार आधी ठरवावा आणि फटी त्यानंतर, हा क्रम मला योग्य वाटतो.