बाळंतपणाचा खर्च कुणी भरायचा? गिरणगावात सुरू झालेला वाद

मूल होऊ द्यायचं तर खर्च किती, हा हिशोब आताची जोडपी उघडपणे मांडतात. सोनोग्राफ्या, बाळंतपणाचं पॅकेज, सिझर झालं तर वेगळं बिल, पुढे पाळणाघर. मूल राहत नसेल तर आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याचा उपचार. घरातली जुनी माणसं म्हणतात, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? होतं की. फक्त तो हिशोब मुलीच्या बापाच्या वहीत असायचा. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत म्हणजे खर्चाची वाटणीच होती. सुईणीचं लुगडं-चोळी, शेकशेगडीचे कोळसे, डिंक, अळीव, तूप, बारशाचा थाट आणि लेकीचं दोन-तीन महिन्यांचं खाणंपिणं माहेरच्या माथी. सासरचं नुकसान एवढंच की कामाचे दोन हात काही दिवस कमी.

ही वाटणी पहिल्यांदा कोलमडली मुंबईच्या गिरण्यांत. तिथे बाईचे हात थांबले की रोख मजुरी बुडत होती, आणि ती भरून द्यायला माहेरही पुरं पडत नव्हतं.

१९२०च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत ढोबळमानाने पाचा-सहा कामगारांमागे एक बाई होती. बहुतेकजणी रिळिंग आणि वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात, नायकिणीच्या (बायकांवरच्या मुकादमणीच्या) हाताखाली, नगावर मजुरी घेणाऱ्या. नगावर मजुरी म्हणजे बसलं की शून्य. कोकणातल्या बायका जमलं तर बाळंतपणाला गावी जात. नाही जमलं तर दिवस भरेपर्यंत खात्यात उभ्या. परत आल्यावर जागा मिळेल का, हे नायकिणीच्या मर्जीवर. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करून घेतली होती. १९२२ सालच्या त्यांच्या अहवालात अफूच्या बाळागोळीचा उल्लेख ठळक आहे. आई दिवसभर गिरणीत, तान्हं मूल चाळीतल्या खोलीत. गोळी चाटवली की ते निपचित पडून राही आणि शेजारणीला त्याच्याकडे फार बघावं लागत नसे. आज याला आपण पाळणाघराचा प्रश्न म्हणू.

या प्रश्नावर कायदा व्हावा म्हणून सर्वांत आधी धडपडले ते नारायण मल्हार जोशी. लोअर परळचा एन. एम. जोशी मार्ग त्यांच्याच नावाचा. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिला ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे विश्रांती व भत्ता, असा करार त्या परिषदेत झाला. त्याच्या आधारे जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं.

मग आर. एस. असवले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात प्रांतापुरतं विधेयक आणलं. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. आंबेडकर बोलले. हा भार मालकाने का सोसायचा, असा विरोधकांचा सवाल होता. आंबेडकरांनी तो उडवून लावला नाही, हे मला त्या भाषणात विशेष वाटतं. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा खर्चाचा मोठा भाग सरकारनेच उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पण सरकार उचलत नाही तोवर मालक मोकळा सुटत नाही, असंही बजावलं. मालक विशिष्ट कामांना बायका ठेवतो ते दानधर्म म्हणून नव्हे, पुरुषांपेक्षा त्या कामावर असणं त्याला फायद्याचं म्हणून. फायदा घेणाऱ्याने खर्चाचा वाटाही घ्यावा, असा तो सरळ युक्तिवाद होता.

१९२९ मध्ये कायदा झाला, दिवसाला आठ आणे भत्ता ठरला, आणि पैसे भरायचे एकट्या मालकाने. सरकारचा मोठा वाटा भाषणातच राहिला. पाठोपाठ १९३० मध्ये, नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतानेही असाच कायदा केला. पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतून बायका कमी कमी होत गेल्या. रात्रपाळीवरची बंदी, नवी यंत्रं, पुरुषांचीच वाढती बेकारी अशी कारणं त्यामागे आहेत. पण बाई ठेवली की तिचं बाळंतपण अंगावर येतं, हाही हिशोब मालकांनी केलाच.

या खोडीवर उपाय त्यानंतर वीस वर्षांच्या आत सापडला होता. १९४८चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे ज्याला सगळे ‘ईएसआय’ म्हणतात तो. यात सगळ्या मालकांची आणि कामगारांची वर्गणी एका निधीत जाते आणि बाळंतपणाचा भत्ता त्या निधीतून मिळतो. एखाद्या कारखान्यात दहा बायका असोत की शंभर, मालकाच्या वर्गणीचा दर तोच. आज तो पगाराच्या ३.२५ टक्के आहे, कामगाराचा ०.७५. पुरुष कामगाराच्या पगारातूनही हे पैसे कापले जातात, आणि ते योग्यच आहे, मूल काही एकट्या बाईचं नसतं. पण ही सोय महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांपुरती. ‘ईएसआय’मध्ये न बसणाऱ्यांसाठी १९६१चा मातृत्व लाभ कायदा आला आणि त्याने पुन्हा मुंबईचीच वाट धरली: रजा बारा आठवडे, पगार मालकाच्या खिशातून.

त्या कायद्यात ‘वैद्यकीय बोनस’ नावाचं एक कलम होतं. मालकाने बाळंतपणाआधीच्या व नंतरच्या उपचारांची मोफत सोय केली नसेल तर तिला ही रक्कम द्यायची. १९६१ मध्ये ती २५ रुपये होती. १९८८च्या दुरुस्तीने २५० झाली, २००८ मध्ये १,०००, २०११ मध्ये ३,५००. २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता आली तीही ३,५००च लिहून. खासगी दवाखान्यात नऊ महिन्यांत होणाऱ्या सोनोग्राफ्यांचा खर्चही त्यात निघणं कठीण, बाळंतपण तर दूरच.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. टाळ्या पडल्या. पण सहा महिन्यांचा पगार एकट्या मालकाकडून, म्हटल्यावर लहान कंपन्यांत मुलाखतीला ‘लग्न झालंय का, पुढचा काय विचार?’ हा प्रश्न आणखी खोदून विचारला जाऊ लागला. केंद्राच्या श्रम मंत्रालयालाही हे दिसलं असावं. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रालयाने १५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांच्या बाबतीत सात आठवड्यांचा पगार मालकाला परत करण्याचा प्रस्ताव मांडला. नव्वद वर्षांपूर्वी आंबेडकरांनी कायदेमंडळात जे सांगितलं होतं त्याची ही उशिरा दिलेली अर्धीमुर्धी कबुली.

हे सगळं पगारपत्रक असलेल्यांचं. शेतात, बांधकामावर, घरकामाला जाणाऱ्या बाईला मालकच ठरलेला नसतो. बीड-नगरकडच्या ऊसतोडीत मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. बाई बसली की अर्धा कोयता बसला, खाडा धरला जातो आणि उचल फिटायची लांबते. तिच्यासाठी आलं ते सरकारी अनुदान. १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना ३०० रुपये, १९९८ पासून ५००. २००५ मध्ये ‘जननी सुरक्षा’ आली. महाराष्ट्रात खेड्यातल्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्याबद्दल ७०० रुपये, शहरात ६००. हे पैसे दवाखान्यात जाण्यासाठी होते, बुडालेल्या मजुरीसाठी नव्हते.

मजुरीची भरपाई म्हणून किमान ६,००० रुपये हा प्रत्येक गरोदर बाईचा हक्क, असं २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने लिहून ठेवलं. सरकारी व सार्वजनिक उपक्रमांतल्या नोकरदार बायका आणि दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या तेवढ्या वगळलेल्या. २०१७ मध्ये प्रत्यक्ष आलेल्या मातृवंदना योजनेत रक्कम झाली ५,००० आणि तीही पहिल्या अपत्यालाच. उरलेले हजार ‘जननी सुरक्षा’तून मिळतात, असं उत्तर तयार होतं. पुढे दुसरी मुलगी झाली तर ६,००० अशी भर पडली. तमिळनाडू राज्य तेव्हाच १८ हजारांवर पोचलं होतं.

सरकारचा हात एवढा आखडता का, याचं एक कारण याच काळात समांतर चाललेल्या दुसऱ्या गोष्टीत आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा समाज त्यांच्यावर तुटून पडला. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मुंबई विधानसभेत आणला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नसल्याने पी. जे. रोहम यांनी तो मांडला, आणि तो पडला. पण स्वातंत्र्यानंतर वारं फिरलं. १९५२ पासून कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय धोरण झालं आणि लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला. नसबंदीला रोख बक्षीस मिळू लागलं. आणीबाणीत तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं एवढंच. पुढे दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला ग्रामपंचायत-जिल्हा परिषदेची निवडणूक बंद झाली. ‘लोकसंख्या’ हाच शत्रू ठरल्यावर ज्यांना मूल होत नाही त्यांची दखल कोण घेणार? ती जोडपी नवस, व्रतं, वैदू आणि बाईवर बसणारा वांझपणाचा शिक्का यांच्या स्वाधीन राहिली.

म्हणून ६ ऑगस्ट १९८६ ही तारीख थोडी चमत्कारिकच. त्या दिवशी परळच्या केईएममध्ये, मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात, भारतातली पहिली म्हणून गाजलेल्या टेस्ट-ट्यूब बेबीचा, हर्षाचा, जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या परळमधल्याच संस्थेतल्या डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या साथीने. (कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच हे साधलं होतं. त्यांना जिवंतपणी कुणी मानलं नाही. त्यांची कागदपत्रं वाचून ‘पहिले तेच’ असं जाहीरपणे सांगितलं ते आनंदकुमारांनी, १९९७ मध्ये. स्वतःचा पहिला नंबर असा सोडणारे शास्त्रज्ञ फार नसतात.) गिरण्यांचा संप मोडून पडलेल्या त्या गिरणगावात, करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत हे तंत्र उभं राहिलं. वाढलं मात्र खासगीत.

आज खासगी केंद्रात एका सायकलला साधारण दीड ते अडीच लाख लागतात. पहिल्याच फेरीत यश येईल याची हमी नाही. सांगितलेल्या आकड्यात पुष्कळदा बीजांडं वाढवण्याची इंजेक्शनं धरलेली नसतात, भ्रूण गोठवून ठेवण्याचं वार्षिक भाडं तर नसतंच. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने केंद्रांची नोंदणी, स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ ही वयाची अट, बीजांड देणाऱ्या स्त्रीचा विमा, भ्रूण ठेवण्याची दहा वर्षांची मुदत असे नियम घातले. उपचारांचा दर काय असावा, त्यावर तो कायदा गप्प आहे. आरोग्यविम्याची पॉलिसी उघडून बघा. न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत १७ क्रमांकाला वंध्यत्व आणि १८ला बाळंतपण, ओळीने. विमा प्राधिकरणाने देशभरासाठी ठरवून दिलेले हे प्रमाणित संकेतांक आहेत. कंपनीने वेगळं कलम दिलं तर बाळंतपण मिळतं, तेही बहुधा दोन-तीन वर्षं थांबून. आयव्हीएफ क्वचितच.

एकीकडे जन्मदर केव्हाच उतरलाय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर बाईमागे १.७ मुलं, गोव्यात १.३. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. गोव्याने यावर सप्टेंबर २०२३ मध्ये एक पाऊल उचललं. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आयव्हीएफ मोफत सुरू केलं, औषधं-इंजेक्शनांचा भार उचलायला कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधीही घेतला. सरकारी दवाखान्यात हे मोफत देणारं पहिलं राज्य म्हणून तेव्हा त्याची बातमी झाली. गोवा लहान आहे, तिथे हे जमवणं तुलनेने सोपं, हे खरंच. पण केईएमनंतर सदतीस वर्षांनी तंत्र पुन्हा सरकारी दारात आलं.

आणि ज्यांना मालकच नाही त्यांचं? घरपोच जेवण पोचवणारी किंवा ॲपवरून ब्युटी पार्लरची कामं घेणारी बाई कायद्याच्या लेखी कुणाची नोकर नाही. २०२०च्या संहितेत त्यांच्यासाठी निधीची तरतूद आहे: ॲपवाल्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के भरायचे, केंद्र व राज्य सरकारंही त्यात पैसे घालू शकतात, आणि त्यातून आरोग्य व मातृत्वाच्या योजना काढता येतील. ‘शकतात’ आणि ‘येतील’ हे मी सवयीने लिहिलेलं नाही, संहितेचीच भाषा तशी आहे.